संत्र्याच्या फोडी नको, रस गोठवा

फळं घरी गोठवून ठेवण्यावरच्या तुमच्या लेखात आंबा, संत्री, सीताफळ सगळ्यांना एकच नियम लावलाय: फोडी करा, पिशवीत भरा, फ्रीझरमध्ये टाका. आंब्याला ठीक आहे. पण आमच्या नागपुरी संत्र्याला हे झेपत नाही. घरच्या फ्रीझरमध्ये फळ सावकाश गोठतं, बर्फाचे मोठे खडे होतात, पेशी फुटतात आणि बाहेर काढलं की हाती येतो गिळगिळीत चोथा. त्यापेक्षा रस काढा. मात्र अख्ख्या फोडी मिक्सरमध्ये फिरवू नका. बिया आणि पापुद्र्यातल्या लिमोनिन या कडू द्रव्यामुळे रस ठेवल्यावर कडू होत जातो. हाताने पिळून, गाळून बर्फाच्या ट्रेमध्ये ओता, गोठले की चौकोन पिशवीत भरा. फेब्रुवारी-मार्चमधलं मृग बहाराचं (पावसाळ्यातल्या फुलोऱ्याचं) संत्रं मिळालं तर उत्तमच, मला तरी ते आंबिया बहाराच्या (हिवाळ्यातल्या फुलोऱ्याच्या) संत्र्यापेक्षा गोड लागतं.

सीताफळाच्या गराला लिंबाचे चार थेंब लावा, नाहीतर काळपट पडतो. आणि तो उकळत्या दुधात घालू नका हो, कडवट होतो. बासुंदी पूर्ण गार झाल्यावरच घाला.

लाईट जाण्याबद्दल लेखात अवाक्षर नाही! मे महिन्यात इथे पारा ४५ च्या आसपास असतो. लाईट गेली की फ्रीझरचं दार उघडूच नका. सुट्या भरलेल्या फोडींचा नंतर एकच गोळा झालेला दिसला, तर माल मध्ये वितळून पुन्हा गोठलाय. असा गोळा मी तरी पोरांना देत नाही.