आबांच्या गादीला कुलूप

अमळनेरच्या बाजारातला आमचा गाळा काही वर्षांपासून बंद आहे आणि तो तसाच बंद राहावा असं घरातल्या निम्म्या लोकांना वाटतं. कारण काय, तर 'आबांची गादी'! मला हे पटत नाही, म्हणून इथे जाहीरच लिहितोय.

मुळात कुठली गादी? आबा बसले ते कापसाच्या अडतीवर. बाहेर बैलगाड्या, आत लोड-तक्के. १९७२ ला कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. खासगी व्यापाऱ्याने राज्यात कापूस घ्यायचाच नाही, असा कायदा. अडत बसली. आबांनी सरकारला पोटभर शिव्या घातल्या, गादी गुंडाळली आणि त्याच जागेत किराणा मांडला.

तो किराणा मला आठवतो. दाराला सागाच्या सुट्या फळ्या, प्रत्येकीवर तेलरंगात आकडा. क्रम चुकला की शेवटची फळी बसायचीच नाही. आत प्रताप मिलच्या कामगारांची उधारीची खाती, आणि गावातच बनणाऱ्या वनस्पती तुपाचे डबे. १९४५ साली इथे सुरू झालेली ती कंपनी म्हणजे आजची विप्रो. आबांनी डबे विकले, शेअर घेतले नाहीत. जाऊ द्या.

पुढे अण्णांनी फळ्या काढून शटर बसवलं आणि अर्ध्या गाळ्यात बाहेरगावी फोन लावायचा एसटीडी बूथ टाकला. रात्री उशिरा दर उतरायचे, म्हणून सुरतेला कामाला गेलेल्या पोरांचे आईबाप जेवणं उरकून रांगेत यायचे. मोबाइल आले, बूथ गेला. मग रिपेअरिंगवाला भाडेकरू आला. तुळईला आबांच्या तराजूचा लोखंडी आकडा होता, त्याला त्याने चार्जर लटकवले. तेव्हा कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत, कारण भाडं येत होतं.

आता गल्लीतली एक ताई भरीत-पुरी, शेवभाजीचं पार्सल सुरू करायला गाळा मागतेय. काका अहिराणीत म्हणाले, "आबानी गादीवर आते भरीत इकशात का?" हो, इकसूत, विकूच! आबा असते तर वांगी कुठून आणतेस हे आधी विचारलं असतं.

भाडेकरू बसला की उठत नाही, ही काकांची दुसरी भीती. ती खोटी नाही. भाडं गोठवणाऱ्या १९४७ च्या जुन्या भाडे कायद्यात अडकलेले गाळे आपल्याच ओळीत आहेत. तेवढ्याशा भाड्यात मालक कौलसुद्धा बदलत नाही. पण १९९९ चा कायदा करार लेखी आणि नोंदणी केलेला मागतो. वकिलाकडून नीट करून घेऊ.

खरी अडचण वेगळीच आहे. आबांनंतर मालमत्ता पत्रकावर वारसांची नावं वाढत गेली. कुणी पुण्याला, कुणी नाशिकला. सही मागितली की प्रत्येकाला आबा आठवतात.

दिवाळीला सगळे येताय, तेव्हा कागद तयार ठेवतो. ज्यांना कुलूपच हवंय त्यांनी निदान नगरपालिकेच्या पट्टीत आपापला वाटा टाकावा. आजवरच्या सगळ्या पावत्या माझ्याकडे आहेत.