एफडी मोडण्याआधी कॅबिनेट उघडा

शुक्रवारी रात्री पंचवटीहून मावशीचा फोन आला. "अरे, पन्नास हजारांची एफडी मोडतेय. कॉम्प्युटर आता बंदच पडणार म्हणतात ना?" कोण म्हणतं, तर व्हॉट्सअ‍ॅप. तोच मेसेज मला आणखी तीन ग्रुपवर सापडला. त्यात म्हटलंय की विंडोज १० चे कॉम्प्युटर लॉक होऊन फायली उडणार, पाच वर्षांहून जुन्या मशीनवर खर्च म्हणजे पैसे पाण्यात, जुनं मशीन वीज खातं, तेव्हा आहे तसं एक्स्चेंजमध्ये देऊन टाका. मावशी घरी शिकवण्या घेते. गेल्या अकरा वर्षांच्या प्रश्नपत्रिका त्या मशीनमध्ये आहेत. त्या जातील या धास्तीने ती दोन रात्री झोपली नव्हती, म्हणून संताप येतो.

कॉम्प्युटर लॉक होणार हे धादांत खोटं आहे. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सपोर्ट पानावर स्पष्ट लिहिलंय की १४ ऑक्टोबर २०२५ नंतरही विंडोज १० चे कॉम्प्युटर चालू राहतील. थांबले ते नेहमीचे मोफत सिक्युरिटी अपडेट आणि तांत्रिक मदत. ज्या कंपनीला नवी विंडोज खपवायची आहे तीच हे सांगते, आणखी कोणाचा दाखला हवा? शिवाय घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सिक्युरिटी अपडेटची सोय तिनेच ठेवली आहे. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉग-इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की त्याला पैसे पडत नाहीत. विंडोज अपडेटच्या पानावरूनच नावनोंदणी होते. मावशीची मी रविवारी करून दिली.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा लागतो. मावशीचा आय-फाइव्ह प्रोसेसर चौथ्या पिढीचा, त्यावर ११ रीतसर चढणार नाही. अपडेट नसलेल्या मशीनवरून नेटबँकिंग करणं धोक्याचंच. वाढीव मुदत संपली की विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टिम टाकायची की नवं मशीन घ्यायचं, हे ठरवावं लागेल. पण ते सवडीने, घाबरून नव्हे.

आता 'पैसे पाण्यात'. मावशी बटण दाबून चहा टाकायला जायची, चहा होईपर्यंत डेस्कटॉप येत नसे. टास्क मॅनेजर उघडला तर डिस्क शंभर टक्के, प्रोसेसर मात्र निवांत. म्हणजे म्हातारा झाला होता तो कॉम्प्युटर नव्हे, फायली साठवणारी हार्ड डिस्क. तिच्यात तबकडी फिरते आणि प्रत्येक बारीकसारीक फाइलसाठी वाचणारं टोक इकडून तिकडे सरकतं. एसएसडी म्हणजे चिपवर फायली साठवणारी डिस्क, तिच्यात हलणारं काहीच नसतं. एम.जी. रोडवरून एक एसएसडी आणि चार जीबीची जुनी डीडीआर-थ्री रॅम (कामापुरती मेमरी, जुन्या प्रकारची) आणली, दोन्ही मिळून चार हजारांच्या आत. कॅबिनेट उघडलं तर पंख्यावर धुळीचा थर, रॅमच्या खाचेत कोळ्याचं जाळं. ब्रशने साफ केलं, जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं एसएसडीवर उतरवलं, म्हणजे क्लोन केलं. आता अर्ध्या मिनिटात डेस्कटॉप येतो.

रॅमवर फार खर्च करू नका, डीडीआर-थ्री नव्या मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पट्टीवर, बसत नाही. एसएसडी पुढच्या मशीनलाही लावता येते. आणि मदरबोर्डच गेला असेल तर मात्र दुरुस्तीत पैसे घालू नका.

विजेचं म्हणाल तर शिकवणीपुरता दोन-तीन तास चालणारा कॉम्प्युटर बिलात किती भर घालणार? तेवढ्यासाठी कोणी पन्नास हजार मोजत नाही.

खरा घात 'आहे तसं देऊन टाका' या वाक्यात आहे. मावशीच्या डिस्कवर तिचं पॅन, पासबुकाचे स्कॅन, मुलांच्या पालकांचे फोन नंबर, सगळं आहे. दुकानात क्विक फॉरमॅट, म्हणजे वरवर डिस्क रिकामी करणं, मारून दिलं तरी हार्ड डिस्कवरचा मजकूर पुसला जात नाही, साध्या रिकव्हरी सॉफ्टवेअरने तो परत काढता येतो. मशीन द्यायचंच असेल तर डिस्क काढून घ्या, नाहीतर पूर्ण पुसून द्या, त्याला काही तास लागतात. दुकानदार 'डिस्कशिवाय भाव कमी' म्हणाला तर कमी घ्या. मावशीची जुनी डिस्क तिच्याच कपाटात ठेवली आहे, एफडीच्या पावतीखाली.