लिटरभर पाण्यावर पाच एचपीचा पंप? हिशोब मांडून पाहू

सध्या खान्देशातल्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक संदेश फिरतोय. त्याचा सारांश असा: पाण्यापासून हायड्रोजन करायला लागणाऱ्या महागड्या प्लॅटिनमची गरज संपली, लोखंड-निकेलचा नवा स्वस्त उत्प्रेरक (स्वतः न संपता रासायनिक क्रिया सोपी करणारा पदार्थ) सापडला, आता लिटरभर पाण्यावर पाच एचपीचा पंप दिवसभर चालेल आणि वीजबिल बंद होईल. शेवटी घरगुती कृतीही दिली आहे: स्टीलच्या दोन पट्ट्या, मीठ आणि बॅटरी. रावेरकडच्या एका केळी उत्पादकाने तो मला पाठवून विचारलं, "सर, सोलर पंपाचे पैसे भरायचे थांबवू का?" मी रसायनशास्त्र शिकवतो. त्यांना फोनवर जे सांगितलं, तेच इथे सविस्तर लिहितोय.

आधी वीजबिलाचं बघू, कारण सगळा घोळ तिथेच आहे. विहीर चाळीस फूट खोल असेल तर मोट चाळीस फूट ओढावीच लागते. चाकाला ओंगण घातलं की कुरकुर कमी होते, बैलांचा जोर वाचतो, पण विहीर उथळ होत नाही. उत्प्रेरक हे ओंगण आहे. पाणी फोडून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करण्याची 'खोली' २५ अंश तापमानाला १.२३ व्होल्ट, आणि ती कुठल्याही धातूने बदलत नाही. प्रत्यक्षात कारखान्यातल्या इलेक्ट्रोलायझरला, म्हणजे विजेने पाणी फोडणाऱ्या यंत्राला, १.८ ते २ व्होल्ट द्यावे लागतात. उत्प्रेरकाने वाचवायचं ते या वरच्या फरकातलं.

आता लिटरभर पाणी घ्या. त्यातून साधारण १११ ग्रॅम हायड्रोजन निघतो. किलोमागे ५० ते ५५ युनिट वीज धरली, तर एवढ्यासाठी साडेपाच ते सहा युनिट खर्च होतात. हा हायड्रोजन जनरेटरमध्ये जाळून तीस टक्के ऊर्जा विजेच्या रूपात हाती आली, तर मिळतं सव्वा युनिटपेक्षाही कमी. पाच एचपीचा पंप तासाला ३.७ युनिटच्या वरच खातो. म्हणजे जेमतेम वीस मिनिटं पाणी, तेही सहा युनिट आधी घालून. तीच वीज सरळ पंपाला दिली असती, तर पंप दीड तास चालला असता.

"नवा शोध" हेही खरं नाही. क्षारयुक्त (आम्लाच्या उलट गुणाच्या) पाण्यात निकेलचे इलेक्ट्रोड, म्हणजे वीज पाण्यात सोडणाऱ्या पट्ट्या, वापरून हायड्रोजन काढण्याची पद्धत जुनी आहे. आपल्याकडे नांगलच्या खत कारखान्यात भाक्राच्या विजेवर १९६० च्या दशकातच पाण्यापासून हायड्रोजन काढला जात होता.

प्लॅटिनमच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे, आणि ते मला मनापासून महत्त्वाचं वाटतं. आम्लधर्मी पडद्याच्या इलेक्ट्रोलायझरमध्ये खरी अडचण प्लॅटिनमपेक्षा इरिडियम या दुर्मिळ धातूची असते. ऑक्सिजन निघतो त्या टोकाला तो लागतो, आणि जगभरात तो वर्षाला सात-आठ टनच निघतो. निकेल-लोखंड तिथे चालत नाही, आम्लात विरघळून जातं. क्षारात ते उत्तम चालतं, पण साक्रीच्या सौर प्रकल्पासारख्या ठिकाणी वीज दुपारी भरपूर आणि संध्याकाळी शून्य. यंत्र रोज बंद पडताना इलेक्ट्रोडमधून उलटा प्रवाह वाहतो आणि त्यांच्यावरचा उत्प्रेरकाचा थर खराब होतो. प्रयोगशाळेत शंभर तास टिकलेला थर कारखान्यात साठ हजार तास टिकवायचा, हे खरं काम. त्यातून ०.२ व्होल्ट वाचले तरी किलोमागे पाचेक युनिट वाचतील. मोठ्या कारखान्यासाठी ही बचत फार मोलाची आहे. शेतातल्या पंपासाठी तिचा काही उपयोग नाही.

राहिली घरगुती कृती. ती वाचून मला काळजी वाटली. मिठामुळे धन टोकाला विषारी क्लोरिन तयार होऊ शकतो. स्टील झिजतं आणि त्यातल्या क्रोमियमची घातक संयुगं पाण्यात उतरू शकतात. संदेशात दोन्ही वायू एकाच बाटलीत भरायला सांगितलंय. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं हे मिश्रण एका ठिणगीने फुटतं. नुसत्या हवेतही हायड्रोजन ४ ते ७५ टक्के असला की पेट घेतो.

कुणी ही जोडणी केली असेल, तर ठिणगी उडेल असं काही जवळ नाही हे आधी बघा. घरात असाल तर दारं-खिडक्या सताड उघडा, दिव्याचं बटण दाबू नका, पोरांना बाहेर काढा. हवा मोकळी झाली की मग बॅटरी सोडवा. ते गढूळ पाणी विहिरीजवळ किंवा केळीच्या आळ्यात ओतू नका. सोलर पंपाचा अर्ज ज्यांनी केला आहे, त्यांनी पैसे मुदतीत भरावेत.