साडेसहाचा 'बोअर' कार्यक्रम

सकाळपासून तीन ग्रुपांवर तीच रील आली. 'आपल्या लहानपणीचा दूरदर्शनचा एक दिवस'. पाठीमागे ती पंडित रविशंकरांची धून, मग रामायण, महाभारत, हम लोग, चित्रहार, निरमा, रुकावट के लिए खेद है. मध्येच एक चित्र नांगराचं आणि त्यावर लिहिलेलं: 'संध्याकाळी शेतीचा बोअर कार्यक्रम, तेव्हा आपण टीव्ही बंद करून खेळायला!' खाली शंभरेक लोक खिदळतायत. त्यातले निम्मे माझ्या वर्गातले, लालबाग-परळचे.

अरे, कोण 'आपण'?

पहिलं म्हणजे, हा दिवस आपला नव्हेच. तो दिल्लीचा आहे. आपली संध्याकाळ वरळीहून यायची. 2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई केंद्र सुरू झालं, आणि राष्ट्रीय कार्यक्रम नावाचं प्रकरण 15 ऑगस्ट 1982 चं. मधली दहा वर्षं आपण काय भिंतीकडे बघत बसलो होतो? 'गजरा' कुठे गेला? 'प्रतिभा आणि प्रतिमा'? 'किलबिल'? आकाशानंदांचं 'ज्ञानदीप', ज्याच्या नावाने गावोगाव प्रेक्षकांनी मंडळं काढली? रविवारची 'साप्ताहिकी', जी बघून माझी आई आठवड्याचे कार्यक्रम कॅलेंडरवर पेन्सिलीने टिपून ठेवायची? मराठी माणसं मराठी ग्रुपवर मराठीत आठवणी काढतात आणि त्यात मराठी कार्यक्रम एकही नाही. असो. याच्यावर भांडून मी थकले आहे.

पण तो नांगर मला झोंबला.

आमच्या मजल्यावर टीव्ही फक्त आमच्याकडे. बाबा गोदीत कारकून, पगार महिन्याच्या महिन्याला, म्हणून. सरकत्या दारांची लाकडी पेटी, खाली स्टॅबिलायझर, वर आईने विणलेला रुमाल. साडेसहाच्या सुमारास 'आमची माती आमची माणसं' हा शेतीचा कार्यक्रम लागायचा आणि त्याआधी दारात तात्या येऊन बसलेले असायचे. उंबऱ्याच्या आत कधी यायचे नाहीत. आई म्हणायची, "तात्या, आत बसा की." "ऱ्हाऊ द्या वैनी, हितनं चांगलं दिसतंय." तात्या गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे मागांवर. मूळचे कोरेगावकडचे. कोपऱ्यावरच्या गाळ्यात दहा-बारा गाववाल्यांसोबत राहायचे, जेवण खानावळीत, बायको-मुलं गावाला. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पाळीला जाणारा माणूस दिवसभर गॅलरीत उभा राहायला लागला. आधी ते कधी टीव्ही बघायला आल्याचं मला आठवत नाही. संप सुरू झाल्यावर मात्र साडेसहा चुकले नाहीत.

त्यांनी मला कामाला लावलं होतं. माझ्या वहीची मागची पानं त्यांची. राहुरीच्या विद्यापीठातले कुणी साहेब पडद्यावर सांगायचे, एकरी बियाणं किती, युरिया केव्हा, माती परीक्षणाला नमुना कुठून उचलायचा, आणि मी चौथीतल्या अक्षरात ते भराभरा लिहून घ्यायची. 'हुमणी', म्हणजे पिकाची मुळं खाणारी अळी, हा शब्द मी पुस्तकात नंतर वाचला, तात्यांच्या तोंडून आधी ऐकला. हायब्रीड ज्वारी, घेवड्यावरचा मावा, जर्सी गाय. मला काडीचं कळायचं नाही. लिहून झालं की पान फाडून द्यायचं, ते चार घड्या करून खिशात. पान फाडलं म्हणून बाईंचा ओरडा मी खाल्लाय, तो वेगळा.

आता सांगा, हा कार्यक्रम कोणासाठी बोअर?

आणि गंमत बघा, खरं तर गंमत नाही. ज्याच्यासाठी तो कार्यक्रम होता त्या शेतकऱ्याच्या घरी तेव्हा टीव्ही कुठे होता? सिंहगडावरून पुण्याला चित्र मिळत होतं, पण खेड्यापाड्यात संच घेणार कोण? तात्या म्हणायचे, "गावाला दिसत न्हाई, हितं दिसतंय. मी घिऊन जातो." म्हणजे शेतीचा कार्यक्रम गिरणगावातल्या चाळीत बघितला जायचा, शेती सोडून आलेल्या माणसाकडून, जो परत शेतीकडे निघाला होता. दिल्लीत किंवा वरळीत बसून कुणी हे योजलं नसेल. पण झालं खरं तसं.

हो, मान्य. दूरदर्शन सरकारी होतं. मंत्र्यांची उद्घाटनं, फिती, हार, भाषणं. संपाच्या बातम्या आल्या तरी गुळमुळीत. कामगारांसाठी 'कामगार विश्व' नावाचा कार्यक्रम होता, त्याच्याकडे तात्यांनी ढुंकून बघितल्याचं मला आठवत नाही, यातच काय ते आलं. आणि दुसरं चॅनेल नव्हतं म्हणून लोक बघायचे, हेही खरं. बस. याहून जास्त मान्य करणार नाही.

कारण 'चॉईस नव्हता' हे वाक्य आता मला ऐकवत नाही. चॉईस नव्हता म्हणून तर एका पडद्यासमोर गोदीतला कारकून, संपावरचा साचेवाला, त्याच्यासाठी लिहून घेणारी पोर आणि 'गप्पागोष्टी'तल्या राजा मयेकरांना बघून हसणारी आई, सगळे बसले होते. बाबांना शेतीत रस नव्हता. बातम्या लागेपर्यंत ते वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसायचे. पण उठून बटण फिरवलं नाही कधी. दारात माणूस बसलाय, त्याचं चाललंय, आपलं नंतर. आता माझ्या घरात चार माणसं आणि पाच पडदे. कोणाच्या पडद्यावर काय चाललंय ते दुसऱ्याला माहीत नाही. माझा मुलगा शेतकऱ्यांच्या मोर्चाचा व्हिडिओ दोन सेकंदात वर सरकवतो, आणि मग तसला पुन्हा त्याला 'येत नाही'. अल्गोरिदमने ठरवून टाकलंय की याचा आणि मातीचा संबंध नाही. लिहिता लिहिता पुन्हा चिडले बघा. त्याचा काय दोष, म्हणा.

संपाच्या त्या साली आणखी काय काय झालं आठवतंय? ऑगस्टमध्ये दिल्लीहून रंगीत चित्र सुरू झालं. तीनच दिवसांनी, 18 ऑगस्टला, मुंबईत पोलिसांचा संप, जाळपोळ, रस्त्यावर लष्कर. आईने खिडक्या लावून घेतलेल्या. नोव्हेंबरात एशियाड. देशभर लोकांनी त्यासाठी रंगीत संच घेतले म्हणतात. आमच्या चाळीत त्या महिन्यांत भांडी विकली जात होती. हे मी रील बनवणाऱ्याला सांगत नाहीये, तो तेव्हा जन्मला नसेल. मी माझ्या वर्गातल्यांना सांगतेय. तुम्ही त्याच चाळींतले. तुमच्यातल्या दोघा-तिघांचे वडील त्याच गिरणीच्या गेटवर बसलेले. आणि तुम्ही नांगरावर हसता?

तात्या दिवाळीच्या आधी गावाला निघून गेले. फाडलेली पानं एका प्लास्टिकच्या पिशवीत, रबर लावून. मी फार मोठं काही केलं असं तेव्हा वाटलं होतं. पुढे कधीतरी हिशेबाच्या कामाला एकदा येऊन गेले, आईसाठी शेरभर घेवडा घेऊन. त्या वेळी मात्र आत येऊन बसले. बाबांनी विचारलं, "काय तात्या, ते टीव्हीवरचं काही लागू पडलं का?" तात्या म्हणाले, "समदं बराबर सांगत्यात वो. पर पान्याचं न्हाई सांगत." चार भावांत वाटलेली जमीन, विहीर कोरडी. मग ते थोडा वेळ पेटीकडे बघत बसले. ती बंद होती, दुपार होती.

तेव्हा कृपा करून असं समजू नका की दूरदर्शनने कोणाला तारलं असं माझं म्हणणं आहे. नाही तारलं. पण गिरणी, युनियन, सरकार, कोणीच त्या माणसाशी धड बोलत नव्हतं, तेव्हा साडेसहाला त्याच्या भाषेत, त्याच्या पिकाबद्दल, त्याला अक्कल आहे असं धरून कोणीतरी बोलत होतं. आज अशी अर्ध्या तासाची वेळ कोणतं खासगी चॅनेल कोणाला देतं? बातम्यांच्या चॅनेलवर शेतकरी दिसतो तो आत्महत्या केली तर किंवा टोमॅटो रस्त्यावर ओतला तर.

रामायण 2020 च्या लॉकडाऊनमध्ये पुन्हा दाखवलं, कारण ते जपलेलं होतं. वरळीच्या त्या संध्याकाळींतलं किती उरलंय? टेप महाग, म्हणून एकीवरच पुन्हा पुन्हा चित्रण व्हायचं, जुनं पुसून नवं. राहुरीच्या त्या साहेबांचं बोलणं कोण कशाला जपून ठेवेल!

बरं, आता कमेंटमध्ये मला निरमाचं गाणं नको. रामायण कोणाच्या घरी पाहिलं तेही नको, ते सगळ्यांचं सारखंच असतं. तुमच्या मजल्यावर संध्याकाळी साडेसहाला कोण येऊन बसायचं ते लिहा. आणि ज्यांना आठवत नाही, त्यांनी आईला फोन करून विचारा. ज्यांच्या आया अजून आहेत त्यांनी आजच.