नॅक, नंदीबैल आणि एक निंब

"सर, तुम्ही मराठीचे. तुमच्याकडे शब्द आहेत. नॅकचा सातवा क्रायटेरिया तुम्हीच घ्या," प्राचार्य म्हणाले आणि माझी साडेसाती सुरू झाली.

सातवा म्हणजे मूल्ये आणि बेस्ट प्रॅक्टिसेस. नॅक म्हणजे कॉलेजं तपासून दर्जा देणारी राष्ट्रीय संस्था, स्थापना 1994 ची. तेव्हा निकष सात होते, गुण चारपैकी. 3.51 किंवा त्यावर ए प्लस प्लस, दीड किंवा त्याखाली डी. मधल्या जागेत उरलेला महाराष्ट्र. एसएसआरमध्ये, म्हणजे कॉलेजनं स्वतःबद्दल लिहिलेल्या अहवालात, पाच वर्षांचा हिशेब द्यायचा, आणि प्रत्येक गोष्टीला पुरावा. जे झालं पण कागदावर नाही, ते झालंच नाही.

मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर जोडायचं होतं. हळदीकुंकवाचं मी 'वुमेन एम्पॉवरमेंट' केलं, निभावलं. तान्ह्या पोळ्याशी अडलो. 'बुलक फेस्टिव्हल फॉर चिल्ड्रन' वाचून पुण्याहून आणलेले सल्लागार गंभीर झाले. "कॅम्पसमध्ये जनावरं आणायची परवानगी घेतली होती का?"

"सर, लाकडाचे बैल असतात. चाकांवरचे."

"मग 'लाकडी' लिहा. आणि जिओटॅग फोटो?"

जिओटॅग! नागपुरात एप्रिलच्या दुपारी दोन वाजता कंपोस्ट खड्ड्यासमोर मोबाईल धरून उभं राहून पाहा. अक्षांश-रेखांश उमटायच्या आत फोनच तापून बंद पडायचा. डोक्याला दुपट्टा बांधून मी रॅम्प, सोलर पॅनेल, बोअरवेल, सगळ्यांचे फोटो काढत हिंडत होतो. पोरं म्हणायची, "सर, रील बनवून राहिले का?"

वृक्षारोपणाचे फोटो मात्र झकास होते. पन्नास रोपं, पाहुणे, झारी, फलक, रेखांशासकट. रोपं पुढच्याच उन्हाळ्यात वाळली. खड्डे चांगले असल्यामुळे दरवर्षी तेच वापरतो.

पीअर टीम, म्हणजे नॅकचे तपासनीस, आली. संत्रा बर्फी झाली, पीपीटी झाली, मग कॅम्पस फिरायला निघालो. पन्नास पावलांत पाहुण्यांचे चेहरे लाल. टीमचे अध्यक्ष सरळ स्टाफरूममागच्या कडुनिंबाखाली जाऊन थांबले, ते हलेचनात.

"हे झाड कुठल्या उपक्रमातलं?"

मी फाईल चाळली. फाईलमध्ये हे झाडच नव्हतं. शेवटी पाण्याचा ट्रे घेऊन उभे असलेले शिपाईकाका बोलले, "मी लावलं न सर. कूलरचं उरलेलं पाणी टाकत होतो. चांगलं झालं न?"

"फोटो आहे?" सल्लागार माझ्या कानात कुजबुजले.