राजपार्टाला दुसरा माणूस आणा

आमच्या गावच्या जत्रेत दशावतार सुरू होतो तेव्हा देवळासमोरच्या मांडवात सामान म्हणून एक लाकडी बाकडं असतं, बस्स. राजा त्यावर बसला की ते सिंहासन. पायपेटीवाला आणि पखवाजवाला एका अंगाला. लिहिलेली संहिता नाही. राजा आणि ऋषी समोरासमोर उभे राहिले की धर्म, राज्य, बायको, पोर, कशावरही तासभर वाद घालतात आणि प्रत्येक शब्द त्या क्षणी सुचलेला असतो. पहाटे दहीकाला फुटतो, माणसं प्रसाद घेऊन पांगतात, आणि राजा तोंडावरचा रंग खोबरेल तेलाने पुसून घरी जातो.

मालवण तालुक्यातल्या माझ्या किनाऱ्यावरच्या गावात ज्यांना मी लहानपणापासून त्या बाकड्यावर बसलेलं पाहिलं, त्यांना सगळे आबा म्हणतात. पंचक्रोशीत आबांना ओळखत नाही असा माणूस नाही. बाजारात ते मासळी घ्यायला थांबले की पोरं 'महाराज, महाराज' करत मागे लागतात. घरची परंपरा रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरण्याची. नाटक नसेल त्या सकाळी आजही ते रापण ओढायला किनाऱ्यावर उभे असतात.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर बंदरावर मच्छीमारांची सभा होती. विषय जुनाच, पर्ससीनचा, म्हणजे यांत्रिक बोटींनी मोठ्या जाळ्याचा वेढा घालून करायच्या मासेमारीचा, आणि रात्रीच्या दिव्यांचा. पाण्यावर झगझगीत एलईडी लावायचे, मासळी उजेडाला गोळा झाली की जाळं टाकून पिल्लांसकट सगळी उचलायची. आबा उभे राहिले आणि म्हणाले, "रात्री दर्यार बगलात तर लगीनघराचो मांडव वाटता. आमच्या रापणीत सकाळी शेवाळ येता." शेवटी त्यांनी एवढंच मागितलं की कायदा आहे तर तो वापरा. कायदा आहेच. राज्य सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीन मासेमारीवर निर्बंध आणले आणि २०१७ मध्ये केंद्राने एलईडी लावून मासेमारी करण्यावर बंदी घातली. कुणाचं नाव आबांनी घेतलं नाही. पक्ष तर नाहीच नाही.

महिन्याभरात जत्रा सुरू झाल्या. त्यांच्या नाटक कंपनीच्या मालकाला दोन गावांतून निरोप आले: नाटक तुमचंच ठेवतो, पण राजपार्टाला दुसरा माणूस आणा. कारण कुणी सांगितलं नाही. विचारल्यावर "तसं काय नाय" एवढंच उत्तर. आबांच्या दोन नाइट, म्हणजे दोन रात्रींचे प्रयोग, गेल्या. तिसऱ्या गावात त्यांना ऋषीची भूमिका दिली.

ही गोष्ट आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली आणि तिथे जुंपली. माझा चुलतभाऊ, मी त्याला दादा म्हणतो, देवस्थान समितीत आहे. त्याने लिहिलं, "नटान नाटकच करूचा. राजा रातचो. सकाळी तुका कोण इचारता?" त्याखाली बाराजणांचे अंगठे. मग चर्चा आबांवरून हिंदी सिनेमाच्या ताऱ्यांवर गेली, तिथून क्रिकेटवाल्यांवर, आणि शेवटी सगळ्यांचं एकमत झालं की प्रसिद्ध माणसांनी जाहीरपणे मत मांडूच नये. मी हे सगळं इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये, कामावरून परतताना बसमध्ये वाचत होतो.

हे शहर गॅरी लिनेकरचं गाव. १९८६ च्या फुटबॉल विश्वचषकात सहा गोल करून सर्वाधिक गोलांचा मान मिळवणारा हा माणूस लेस्टरच्या बाजारात फळं-भाजीचा गाळा चालवणाऱ्या घरात जन्मला. इथल्या जुन्या माणसांना तो गाळा अजून आठवतो. माझ्या शेजारचे आजोबा सांगतात की त्यांची आई तिथून संत्री घ्यायची. निवृत्तीनंतर लिनेकर बीबीसीवर शनिवारी रात्रीचा 'मॅच ऑफ द डे' हा सामन्यांचा कार्यक्रम चालवू लागला. तिथला सगळ्यात जास्त पगार त्याचा होता.

मार्च २०२३ मध्ये छोट्या बोटींतून समुद्रामार्गे येणाऱ्या निर्वासितांबद्दल ब्रिटिश सरकारने कडक विधेयक आणलं. लिनेकरने ट्विटरवर लिहिलं की हे धोरण कमालीचं निष्ठुर आहे आणि त्यासाठी वापरलेली भाषा १९३० च्या दशकातल्या जर्मनीतल्या भाषेपेक्षा फारशी वेगळी नाही. त्याआधी त्याने स्वतःच्या घरात निर्वासितांना आसरा दिला होता, म्हणजे बोलला ते ऐकीव नव्हतं. तीनच दिवसांत बीबीसीने त्याला कार्यक्रमातून बाजूला केलं.

पुढे जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. आधी त्याच कार्यक्रमात तज्ज्ञ म्हणून बसणारा जुना फुटबॉलपटू इयन राइट म्हणाला, मीही येणार नाही. मग तसाच दुसरा, ॲलन शिअरर. मग समालोचक. ११ मार्चच्या रात्री मी शेजारच्या आजोबांकडे गेलो होतो. कार्यक्रम लागला. निवेदक नाही, तज्ज्ञ नाहीत, समालोचन नाही. गोल होत होते, प्रेक्षक ओरडत होते आणि तो गोल कुणी केला हे सांगणारा माणूस नव्हता. एरवी तासाभराहून जास्त चालणारा कार्यक्रम वीस मिनिटांत आटोपला. आजोबांनी टीव्ही बंद केला आणि बराच वेळ बोलले नाहीत.

ते आजोबा निर्वासितांच्या बाबतीत लिनेकरच्या पूर्ण विरुद्ध मताचे. सीमा बंद करा म्हणणारे. मला वाटलं, ते खूश होतील. ते म्हणाले, "तो चुकतोय. पण चुकायला त्याने साहेबाची परवानगी घ्यायची का?" मग चहा करायला उठले. मला त्या क्षणी आमचा मांडव आठवला. राजपार्टाला दुसरा माणूस आणा म्हटल्यावर पखवाजवाल्याने पखवाज खाली ठेवला असता तर? ऋषीचं काम करणारा म्हणाला असता, की वाद घालायचा तर आबांशीच घालीन? असं कुणी केलं नाही. मी त्यांना दोष देत नाही. नाइटच्या पैशांवर चूल पेटते, आणि राइट-शिअरर यांना पुढच्या महिन्याच्या किराण्याची चिंता नव्हती. पण फरक दिसला तो दिसलाच.

दोन दिवसांनी बीबीसीने लिनेकरला परत घेतलं. त्याहीपेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. नियमच धड नाहीत हे मान्य करून त्यांनी बाहेरच्या माणसाकडून तपासणी करून घेतली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नवे नियम छापले. मोठ्या कार्यक्रमांच्या निवेदकांनी एखाद्या पक्षाचा प्रचार करायचा नाही, पक्षावर हल्ला करायचा नाही, राजकारण्याच्या चारित्र्यावर बोलायचं नाही. एखाद्या प्रश्नावर मत मांडायला मात्र मोकळीक. यावर वाद होऊ शकतो. इथे टीव्ही असलेलं घर तेव्हा वर्षाला १५९ पौंड परवाना शुल्क भरत होतं, शेजारचे आजोबाही भरत होते, तेव्हा त्यांच्या पैशांतून पगार घेणाऱ्याने तोल सांभाळावा ही अपेक्षा गैर नाही. पण रेघ कुठे आहे हे आधी कळतं. ओलांडली तर काय होईल हेही.

लिनेकर सगळं बरोबरच बोलला असं मी म्हणत नाही. मे २०२५ मध्ये त्याने उंदराचं चित्र असलेली, ज्यूंच्या जुन्या विटंबनेची आठवण करून देणारी एक पोस्ट पुढे पाठवली. चित्र लक्षात आलं नाही म्हणाला, माफी मागितली आणि बीबीसी सोडून गेला. प्रसिद्ध माणसाच्या हातून एक बोट चुकीचं पडलं तर ते लाखोंना लागतं, आणि त्याची किंमत त्यानेच मोजली पाहिजे. मोजली.

दादाचं म्हणणं मी उडवून लावत नाही. त्याचा मुद्दा असा की आबांना लोक ऐकतात ते मुकुटामुळे. समुद्रावरचं त्यांचं मत म्हणून नव्हे, आवाज भारदस्त आहे म्हणून. हे अर्धं खरं आहे. पण हा मुकुट विकत घ्यायला निघालेल्यांची आपल्याला कधी चीड आली? तेल, साबण, बांधकामं, वेलचीच्या नावाने पानमसाला, सगळं आपले तारे विकतात आणि आपण ते बघत जेवतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत काम करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीला दहा लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणजे त्यांच्या शब्दाला वजन आहे हे कायद्यालाही मान्य. एप्रिल २०२२ मध्ये अक्षय कुमारने अशी वेलचीची जाहिरात करून लोकांच्या रागापायी माफी मागितली, तो अपवाद. एरवी पैसे घेऊन बोललेलं आपल्याला चालतं आणि फुकट, मनापासून बोललेलं खुपतं. आबांना त्या सभेत बोलण्याचे पैसे कुणी दिले नव्हते.

आणि पढवलेलं बोलणं मला मत वाटत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये शेतकरी आंदोलनावर रिहाना या परदेशी पॉप गायिकेने एक ओळ ट्विट केली. परराष्ट्र मंत्रालयाने निवेदन काढलं, आणि लगोलग आपल्याकडच्या मोठमोठ्या लोकांची ट्विट आली, तेच दोन हॅशटॅग, जवळजवळ तीच वाक्यं. त्यात ज्यांच्यावर मी जीव टाकतो अशी नावं होती. मला दुःख झालं ते त्यांची बाजू वेगळी होती म्हणून नाही. सचिनने २००९ मध्ये म्हटलं होतं, मी मराठी असल्याचा मला अभिमान आहे, पण मी आधी भारतीय आहे आणि मुंबई सगळ्या भारताची आहे. ते त्याचं स्वतःचं होतं, त्याच्याच शब्दांत होतं. त्यावर 'सामना'तून बाळासाहेबांनी त्याला राजकारणाच्या खेळपट्टीवर उतरू नकोस असं सुनावलं. मला तो २००९ चा सचिन जास्त जवळचा आहे, आणि हे सांगताना मी सगळ्या वादात त्याच्या बाजूने आहे असंही नाही.

जे गप्प राहतात त्यांना 'बोल, बोल' म्हणून टोचणंही मला पटत नाही. ज्याला ठाऊक नाही त्याने गप्प बसावं, तो त्याचा हक्क.

आमच्या कोकणाला तर हा प्रश्न पडायलाच नको होता. दापोलीजवळच्या पालगडचे साने गुरुजी घराघरांत वाचले जाणारे लेखक होते. मे १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून ते उपोषणाला बसले. लेखकाने लिहावं, देवळात लक्ष घालू नये, असं म्हणणारे तेव्हाही असणार. दार उघडलं. आणि १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्ष होत्या, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, केंद्रातले मंत्री. आणीबाणी चालू. दुर्गाबाईंनी त्या व्यासपीठावरून सरकारविरोधी आंदोलनाचे नेते जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगितलं. पुढे त्यांना तुरुंगात जावं लागलं. त्या अध्यक्षपदाचं वजन त्यांनी त्या दिवशी वापरलं नसतं तर ते कशासाठी होतं?

मला ठाऊक आहे, परदेशातून बोलणं सोपं असतं. माझी नाइट कुणी काढून घेत नाही. दादाला रोज त्या माणसांशी जुळवून घ्यावं लागतं, ज्यांच्या बोटी आहेत आणि ज्यांच्या वर्गणीवर देवळाचं छप्पर उभं आहे. म्हणून मी दादावर रागावलो नाही, त्याला फोन केला. तासभर बोललो. तो म्हणाला, "आबा बोललो ता खरा हा रे. पण सगळ्यांदेखत कित्याक बोलायचा?" मी म्हटलं, दादा, सगळ्यांदेखत बोलायचीच तर सभा होती ना. तो हसला नाही, पण फोनही ठेवला नाही.

मग मी त्याला एकच गोष्ट मागितली. समितीच्या वहीत लिहून ठेवा की नाटकातला माणूस नाटकाबाहेर काय बोलला यावरून त्याची भूमिका बदलणार नाही. ज्याला हरकत असेल त्याने सभेत उभं राहून नाव घेऊन सांगावं, आबांच्या तोंडावर, आबा उत्तर देतील. तासभर उत्तर देतील, त्यांना सवय आहे. कंपनीच्या मालकाच्या कानात सांगायचं नाही. इतकंच. बीबीसीला जे जमलं ते आमच्या वहीच्या एका पानावर मावेल.

यंदाच्या जत्रेची वर्गणी मी गेल्या आठवड्यात पाठवली. सोबत लिहिलं, राजपार्टाला आबाच हवेत. दादाचं उत्तर आलं, "पैसे पोचले." वहीबद्दल त्यात काही नव्हतं. काल रात्री पुन्हा फोन वाजला, पण तो आबांचा होता. त्यांनी वर्गणीचं विचारलंच नाही. पहाटे रापणीला बांगडा लागला म्हणाले, यंदाचा पहिला, आणि मागे लाटांचा आवाज येत होता.