नाकाच्या सावलीचं शास्त्र

सूर्य हा पोर्ट्रेटसाठी अगदीच टाकाऊ दिवा आहे, हे मला पंचेचाळिशी उलटल्यावर कळलं. तोवर मी त्याच्याबद्दल बराच आदर बाळगून होतो. व्यास जवळजवळ 14 लाख किलोमीटर, आणखी काय पाहिजे माणसाला? पण तो बसलाय 15 कोटी किलोमीटर लांब, आणि स्टुडिओ लायटिंगवाले दिव्याचा आकार मोजतात तो चेहऱ्याच्या जागी बसून. तिथून सूर्य म्हणजे आभाळातला ठिपका. ठिपक्यातून आलेला उजेड सावल्यांच्या कडा करकरीत उमटवतो आणि एकेका सुरकुतीची दवंडी पिटतो. त्याच्यापुढे 90 सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स, म्हणजे दिव्यावर चढवायची कापडी पेटी, चेहऱ्यापासून हातभर अंतरावर आणला, की तो सूर्यापेक्षा कितीतरी मोठा ठरतो आणि सावल्या मवाळ होतात.

इथे एक इतिहास सांगायला हवा. 1839 साली फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट कॉर्नेलियसने स्वतःचाच फोटो काढला. स्वतःच्या फोटोंचं जे काही वेड पुढे पसरलं, त्याच्या मुळाशी हा गृहस्थ. घरचा धंदा कसला, तर दिव्यांचा. पण फोटोच्या वेळी गडी कॅमेरा घेऊन दुकानामागच्या उजेडात जाऊन उभा राहिला. दिव्यांच्या धंद्यात वाढलेला माणूस ऐन वेळी दिवे घरात ठेवून बाहेर जातो, याचा अर्थ लावायला फार अक्कल लागत नाही. मी दिवे विकत घेतले.

सॉफ्टबॉक्स येतो तेव्हा तो बॉक्स नसतो आणि सॉफ्ट तर मुळीच नसतो. काळं कापड, चार लवचिक काड्या आणि एक लोखंडी कडं. काड्या कड्यातल्या भोकांत बसवायच्या. पहिल्या तीन निमूट बसतात. चौथीला वाकवून आत ढकलली, की पहिली सुटते आणि थेट डोळ्याचा नेम धरून येते. माहितीपत्रकातला माणूस हे काम हसत हसत दोन हातांनी करतो. मला तीन हात, एक गुडघा आणि बायको लागली. बायको म्हणाली, "एवढ्यात खिडकीपाशी बसवून फोटो काढून झाला असता." हे खरं होतं. उत्तरेकडची खिडकी आणि पांढरा पडदा हा जगातला उत्तम सॉफ्टबॉक्स आहे, असं सगळे जाणकार सांगतात. पण खिडकीला बटण नसतं, आणि मला बटणं हवी होती.

दिवा स्टँडवर चढला, स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी आली, कॅमेऱ्यावर दिव्याचा फ्लॅश उडवणारा ट्रिगर बसला. आता शिकायचं काय? तर नाक.

हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. चेहऱ्याचा फोटो म्हटलं, की माणूस डोळे, हास्य, व्यक्तिमत्त्व वगैरे बोलतो. प्रत्यक्षात प्रकाशयोजनेची अर्धी बाराखडी नाकाच्या सावलीवर बेतलेली आहे. दिवा समोर आणि उंच ठेवला, की सावली नाकाच्या बरोबर खाली पडते. तिचं नाव बटरफ्लाय. दिवा थोडा बाजूला सरकवला, की ती तिरकी होऊन छोटा फास काढते, ती लूप. अजून सरकवला, की नाकाची सावली गालाच्या सावलीला जाऊन भिडते आणि पलीकडच्या डोळ्याखाली उजेडाचा त्रिकोण उरतो, तो रेम्ब्राँट, त्या नावाच्या जुन्या डच चित्रकारावरून. आणखी सरकवला, की अर्धा चेहरा अंधारात जातो, तो स्प्लिट. म्हणजे माणूस कितीही मोठा असो, दिव्यांच्या दरबारात त्याची किंमत नाकापासून सावली किती लांब जाते यावर. तेव्हापासून मी समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलणं सोडून दिलंय. परवा एक गृहस्थ आपल्या निवृत्तीनंतरच्या बेतांबद्दल तळमळीने सांगत होते आणि मी त्यांना म्हणालो, "जरा डावीकडे वळता का?"

मॉडेल म्हणून पहिला बळी काका. काका निवांत असतात, एका जागी बसू शकतात आणि नाही म्हणत नाहीत, हा माझा हिशेब. यातली दोन अनुमानं चुकीची निघाली.

काकांना चष्मा आहे. चष्म्याच्या प्रत्येक काचेत माझा अख्खा सॉफ्टबॉक्स पांढराशुभ्र दिसत होता, चौथ्या काडीसकट. शाळेत आपण आपाती कोन आणि परावर्तन कोन समान असतात असं घोकलं ते याच दिवसासाठी. दिवा वर घेतला. अजून वर घेतला. काकांना म्हटलं, हनुवटी खाली. चष्म्याच्या दांड्या कानांवर किंचित उचला. काच किंचित खाली झुकली, चकाकी गेली, आणि काका हरवलेली सुई शोधत असल्याचा सुंदर फोटो आला.

"अरे, पण मी खाली का बघतोय?"

"चष्म्यासाठी, काका."

"मग काढू का चष्मा?"

"नको. तुम्ही तुमच्यासारखे दिसत नाही."

"असाही दिसत नाहीये," काका म्हणाले आणि मागे रेलून बसले.

रेलणं हे लायटिंगमधलं मोठं संकट आहे. उजेड अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. दिवा 70 सेंटिमीटरवर असताना काकांचं नाक मोजून मी सगळं जमवलं होतं. ते रुसून 1 मीटरवर गेले, तर चेहऱ्यावरचा उजेड निम्मा. पुढे आले, तर पुन्हा दुप्पट. न्यूटनच्याही आधीपासूनचा हा नियम काकांच्या मनःस्थितीवर अवलंबून असल्याने मी दर फोटोला उजेड मोजायचा लाइटमीटर त्यांच्या हनुवटीखाली धरू लागलो. ताप बघितल्यासारखे ते दर वेळी विचारत, "किती?" मी म्हणे, "आठ." ते काळजीत पडत.

मिटलेल्या डोळ्यांचं तर वेगळंच. स्टुडिओतला फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास उरकतो. पापणीला तेवढ्यात हलताच येत नाही. म्हणजे काका फ्लॅशमुळे डोळे मिटत नव्हते, फ्लॅश येणार या धास्तीने आधीच मिटत होते. म्हणून मी "एक, दोन, तीन" म्हणायचं सोडून न सांगता बटण दाबायला लागलो. आता ते सतत मिटायला लागले.

मधेच चिडून शटर 1/500 सेकंदावर नेलं, तर फोटोच्या एका कडेला भलीमोठी काळी पट्टी. शटरचे दोन पडदे असतात आणि साधारण 1/200 च्या पुढे ते एकाच वेळी पूर्ण उघडे नसतात, मधली फट तेवढी सरकत जाते. फ्लॅश लखलखतो तेव्हा सेन्सरचा एक भाग पडद्याआड. काकांनी तो फोटो बघितला आणि म्हणाले, "हा ठेव. यात मी कमी आहे."

समाधानासाठी मी रेम्ब्राँटकडे वळलो. या माणसाने स्वतःची चाळीसच्या आसपास चित्रं रंगवली, त्याला तरी कंटाळलेला मॉडेल म्हणजे काय ते ठाऊक असणार. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्ये त्याचं 1628 च्या सुमाराचं तरुणपणीचं चित्र आहे. उजेड फक्त गालाच्या एका कडेवर आणि मानेवर. डोळे गर्द सावलीत. मला शिकवणाऱ्यांनी याला उभं केलं नसतं. डोळ्यांत दिव्याची चमक, म्हणजे कॅचलाइट, नाही, सावली उजळणारा फिल नाही, मागून केसांवर टाकायचा हेअर लाइट चुकून पुढे आलाय, पुन्हा काढ. अधिक धक्का बसला तो हा, की त्याच्या नावाने ओळखला जाणारा त्रिकोण या चित्रात नाहीच. मी मात्र तो त्रिकोण डोळ्यापेक्षा रुंद आणि नाकापेक्षा लांब असू नये म्हणून दिवा बोटभर इकडे, बोटभर तिकडे करत काकांना झोप लावली होती. झोपेत ते एकदम स्थिर होते, हे नमूद करायला हवं.

राहिला रिफ्लेक्टर, म्हणजे चेहऱ्यावर उजेड परतवणारी घडीची चकती. हा उघडायला क्षणही लागत नाही, पिशवीची चेन ओढली की आपणच फाडकन उघडतो. मिटवताना दोन्ही कडा धरून उलट्या पिळायच्या, आठचा आकडा करायचा, मग तीन छोट्या चकत्या एकमेकींवर येतात, असं म्हणतात. माझा आठ व्हायचा, पण तो पुन्हा शून्य व्हायचा, आणि होताना माझ्या कानाखाली वाजवून जायचा. तो आता कपाटामागे उघडाच उभा असतो.

शेवटी पुतण्याने मला खुर्चीत बसवलं. त्याला हे येतं, कारण तो माझ्याइतकं वाचत नाही. दिवा समोर लावला, बाजूला लावला, भिंतीकडे तोंड करून लावला, कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघत राहिला.

"काय झालं रे?"

"काका, दिवा कुठेही ठेवला तरी रेम्ब्राँटच येतोय."

"मग चांगलंच आहे की!"

"दिव्याने नाही, काका. नाकाने."